दोन चुकांची सोयरीक

आमच्या वामन भाऊजींकडे जेवताना मीठ मागितलं, तर ते आधी म्हणतात, "परत सांग." मग आपण म्हणायचं, "भाऊजी, मीठ द्या." मग मीठ मिळतं. तोवर भाजी संपलेली असते.

हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आदिलाबादच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि मोबाइलवर विमान अपघातांच्या चौकशा बघत बसले. स्वतः कधी विमानात चढले नाहीत. पण टॉवरवरून आलेली सूचना वैमानिक परत म्हणून दाखवतो, हे त्यांना कळलं आणि आमच्या घराचा टॉवर झाला.

"एका चुकीनं विमान पडत नाही, बापू," ते मला समजावतात. "खाली मेकॅनिकनं बोल्ट अर्धाच आवळला अन् पाळी संपली म्हून घरी गेला. दुसऱ्याला वाटलं, आवळला असन. ही झाली नवरी. वरतं पायलटनं लाल दिवा पाह्यला अन् म्हणला, हा तं रोजच लागते. हा नवरदेव. या दोघायची सोयरीक जमली का विमान खाली. आपलं काम काय, तं सोयरीक मोडणं."

मागल्या हंगामात मी स्कूटरसकट बाजारातल्या कापसाच्या ढिगात शिरलो. लोक मला ओढून काढत होते. भाऊजींनी त्यांना थांबवून आधी चौकशी उघडली.

"ब्रेक कवापासून सैल होता?"

"दिवाळीपासून."

"अन् तू कुकडे पाहून राह्यला होता?"

"जिलेबीकडं."

"लागलं लगन," म्हणाले आणि मग हात दिला.

त्यांची एकुलती एक लेक सुजाता. तिला गुवाहाटीला नोकरी लागली. नागपूरहून विमानानं जायचं होतं. बापाच्या डोक्यात इतके अपघात, तो पोरीला काय जाऊ देतो, म्हणून ताईनं समजवायला मला बोलावलं. म्हणजे ढिगात शिरलेल्या माणसाला.

"काऊन नाही जाणार?" भाऊजी उलट माझ्यावरच घसरले. "तुह्या स्कूटरची चौकशी केली का कोणी, मी सोडून? विमानवाले तुकडा न् तुकडा वेचतात, पडलं काऊन ते शोधतात, अन् साऱ्या जगाला सांगतात. पुन्हा तसं होऊ नाही म्हून. तिनं मेहनत केली, पोरगी जाईन."

निघायच्या दिवशी त्यांनी भाड्याच्या गाडीची चारही चाकं दाबून पाहिली. ड्रायव्हरला विचारलं, "रात को सोये?"

"सोया साब."

"फिर से बोलो."

विमानतळाच्या दाराशी सुजाता पाया पडली. "बाबा, पोचल्यावर फोन करते."

"परत सांग."

"पोचल्यावर फोन करते."

मागची माणसं पुढे सरकायला लागली. भाऊजी दारातून हलेनात.

"परत सांग."

आमच्याकडे एकदाच परत म्हणायचं असतं. सुजातानं त्यांच्याकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि सावकाश म्हणाली, "बाबा, पोचले का पहिला फोन तुमाले."

मग ती आत गेली. काचेतून दिसेनाशी झाली, तरी भाऊजी तिथंच.

परतीच्या वाटेवर पांढरकवडं आलं. मागच्या सीटवरून मी म्हणालो, "भाऊजी, पाणी द्या."

त्यांनी खिडकीबाहेर बघतच बाटली मागे केली.

बाटली हातात आली, पण "परत सांग" काही आलं नाही. मग मी आपणहून म्हणालो, "भाऊजी, पाणी द्या."