भाव हालना

काट्यावर सरकीनं भरलेला ट्रक उभा असताना वनाभाऊ खुर्चीतून उठायचे, "भाव हालना" म्हणायचे आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभे राहायचे. तिथे नेटवर्क चांगलं येतं. नवीन ड्रायव्हर असला की घाबरायचा. त्याला वाटायचं, सरकीचा भाव हलला. एकदा एकानं तिथूनच शिरपूरला मालकाला फोन लावला. मालकानं वाटेतल्या दोन गाड्या थांबवल्या आणि दुपारपर्यंत आमच्या मॅनेजरसाहेबांना तीन व्यापाऱ्यांचे फोन आले, की सरकीत काय झालं. सरकीत काही झालं नव्हतं. मध चौदावरून साडेपंधरावर गेला होता. तोही खायचा मध नाही, मोबाईलमधला.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची सरकीच्या तेलाची गिरणी आहे. मी तेलाचे नमुने तपासतो, वनाभाऊ वजनकाटा सांभाळतात. वय अठ्ठावन्न, अंगानं काटकुळे, पायात कायम चप्पल अर्धवट. कधी उठावं लागेल ते सांगता येत नाही, म्हणून. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी सुरतेला दिलेली. तिनंच जुना फोन दिला आणि बाबांचा वेळ जावा म्हणून त्यात एक खेळ टाकून दिला. वेळ गेला तो गेलाच.

या खेळात प्रत्येकाला एक बेट मिळतं. बेटावर काय ते पिकवायचं. वनाभाऊंनी मधाच्या पेट्या ठेवल्या. दोन वर्षांत दोनशे पेट्या झाल्या. पण माल स्वतः विकता येत नाही. बंदरावर ज्यांच्या पेढ्या आहेत ते दलाल विकतात. हे दलालही आपल्यासारखेच कुठल्या कुठल्या गावचे खेळणारे. माल त्यांच्या ताब्यात द्यायचा, त्यांनी भाव बघून काढायचा आणि दहातला एक हिस्सा ठेवून घ्यायचा. भाव दर पाव तासानं बदलतो. तो पाव तास वनाभाऊंच्या अंगात शिरला होता. एका साखरपुड्यात कुंकू लावून घेता घेता ते उठले. शिंदखेड्याच्या सलूनमध्ये एक गाल झाला आणि ते फेस लावलेल्या दुसऱ्या गालासकट चौकात गेले. परत आले तेव्हा फेस वाळला होता आणि न्हाव्यानं दुसरं गिऱ्हाईक बसवलं होतं.

"वनाभाऊ, पाव तास थांबला असता तर?" मी विचारलं.

"दादा, पाव तासमा राजाना रंक होई जास," ते म्हणाले.

त्यांचा दलाल एकच. खेळातलं नाव 'केळीवाली'. खेळात लोक सिंह, वाघ, ड्रॅगन अशी नावं घेतात; त्यात ही केळीवाली. दोघांचं बोलणं लिहून चाले. वनाभाऊ मला दाखवायचे. भाऊंचे दहा निरोप जात: विका, नका विकू, थांबा, विका. मग तिकडून एक येई: 'घाई करू नका. मध नासत नाही. पाणी प्या.' वनाभाऊ खरंच उठून माठाकडे जात. मॅनेजरसाहेबांचं न ऐकणारा हा माणूस त्या दोन शब्दांनी तांब्याभर पाणी पिई. केळीवालीनं कधी भाव चुकवला नाही. भाऊंच्या मते सावद्याचा कोणी हुशार पोरगा असणार, केळीच्या गाड्या भरणारा. कारण एकदा तिकडून निरोप आला होता: 'सावद्यात केळीच्या गाड्यांनी रस्ता अडलाय, उशिरा बोलू.'

मागच्या हिवाळ्यात केळीवाली गप्प झाली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. नेमका तेव्हाच मध चढायला लागला. वीस, बावीस, सत्तावीस. भाऊंचा सगळा मध केळीवालीच्या पेढीवर अडकलेला. पेट्यांत नवा मध तयार होत होता, तो घ्यायला दुसरे दलाल मागे लागले. एकानं तर हिस्साही नको म्हटलं.

"देऊन टाका की," मी म्हणालो.

"केळीवालीले इचारानं नही का?"

"ती आहे कुठे विचारायला?"

कडुलिंब ते काटा, काटा ते कडुलिंब अशा त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. आणि मग आमच्या गिरणीत कधी झालं नव्हतं ते झालं. वनाभाऊंनी एका गाडीचं वजन दुसऱ्या गाडीच्या चिठ्ठीवर लिहिलं. बावीस वर्षांत पहिली चूक. मॅनेजरसाहेबांनी आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "भाऊ, दोन दिवस रजा घ्या. पुन्हा असं झालं तर मला काट्यावर दुसरा माणूस बसवावा लागेल."

भाऊ माझ्याकडे आले. "दादा, रविवारे सावद्याले येस का? त्या पोऱ्याले काही होयेल शे."

भुसावळपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. डब्यात भाऊ बसले नाहीत, दारात उभे राहिले. त्यांनी फोन खिशातून काढला नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मध त्या दिवशी एकतीसवर होता. मी पाहिलं होतं, सांगितलं नाही.

सावद्यात केळीवाली कोण, हे विचारणं म्हणजे कठीण काम. पहिल्यानं आम्हाला वखारीत पाठवलं, दुसऱ्यानं वेफर्सच्या भट्टीवर. शेवटी एका औषधाच्या दुकानदारानं डोकं खाजवलं. "मोबाईलवर मध, मीठ असं काही बोलतात त्या? सुमनताई. शाळेत शिवण शिकवायच्या. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं."

ओट्यावर खुर्चीत सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. शेजारी त्यांची पुतणी डाळ निवडत होती. भाऊ पायरीशीच थांबले. शेवटी मीच म्हणालो, "ताई, हे वनाभाऊ. मधवाले."

बाई हसल्या. "तुम्ही वनाभाऊ? मला वाटलं वीस-बावीसचा पोरगा असेल. एवढी घाई." आणि लगेच, "मध काय भाव आहे?"

"काही खास नही," भाऊ म्हणाले. "पडेल शे."

"मग बरं झालं. मला दिवसरात्र तेच लागून राहिलं होतं, की तुमचा माल माझ्यामुळे अडकला. फोन हिनं कपाटात ठेवलाय. डॉक्टरांनी दोन महिने बघायला मनाई केलीय."

पुतणी म्हणाली, "रात्रीसुद्धा उठून बसते. मध, मध करते." मग चहा झाला. निघताना सुमनताईंनी भाऊंना आपल्या पेढीचा पासवर्ड सांगितला. "तिथे माझं स्वतःचं मीठ पडून आहे, तेवढं सांभाळा. शाळा सुटल्यावर तेवढंच उभं केलंय मी."

त्या दिवसापासून वनाभाऊंच्या फेऱ्या थांबल्या. दुपारी एकला डबा खाऊन झाला की ते कडुलिंबाखाली बसत. उभे नाही, बसत. सावद्याला पुतणीच्या नंबरवर फोन लावत आणि सावकाश एकेक भाव वाचून दाखवत. मध, लोकर, लाकूड, मीठ. पलीकडून प्रश्न येत, हे उत्तरं देत. अर्धा अर्धा तास. मध्ये भाव हलला तरी उठत नसत. स्वतःचा मध त्यांनी भाव उतरल्यावर कधीच काढून टाकला होता, तेरानं. मला त्याचं काही बोलले नाहीत.

महिन्याभरानं त्या खेळात नवी बेटं आली. सगळ्यांवर मिठागरं. मीठ कोसळलं. मी भाऊंच्या शेजारीच बसलो होतो, फोनच्या पडद्यावर मीठ चार दिसत होतं.

"मीठ अठरा, अक्का," भाऊ म्हणाले. "जागेवर शे."

पलीकडून आवाज आला, "मग काढा पन्नास पोती. लोभ करू नये."

"काढस," भाऊ म्हणाले. आणि आपल्याच नावानं त्यांनी ताईंची पन्नास पोती अठराच्या भावानं विकत घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी पन्नास. आठवडाभर हे चाललं. बावीस वर्षं ज्यानं एका किलोचं वजन इकडचं तिकडे केलं नाही, तो माणूस रोज दुपारी शांतपणे खोटा भाव वाचत होता.

"त्यांची पट्टी निघाल्यावर काय करणार?" मी विचारलं.

"ते तवय देखसू." मग म्हणाले, "दादा, आंधारामा बठेल माणूसले कशाले सांगू, का तुनं मीठ बठ्ठं गयं म्हनीसन?"

गेटवर ट्रकनं हॉर्न वाजवला. भाऊ फोन माझ्या हातात ठेवून काट्याकडे गेले. पडद्यावर त्यांचं बेट उघडंच होतं. एवढं मीठ ठेवायला जागा नसणार, म्हणून त्यांनी पेट्या मोडल्या होत्या. दोनशेतल्या जेमतेम दहा एका कडेला उरल्या होत्या, आणि बाकी सगळीकडे पांढरी पोती, नीट एकावर एक रचलेली.