पल्लवीची पट्टी आणि चौघींचा भार

हळदीकुंकू कसं करावं, हे इंदिरानगरात कुणीही मला येऊन विचारावं! कितीही बायका येवोत, माझ्याकडे आंब्याची डाळ कमी पडणार नाही आणि कुणाला उभं राहावं लागणार नाही. १९९८च्या चैत्रातही मी हेच म्हणत होते. सकाळी दिवाण सरकवेपर्यंत!

चैत्रगौरीच्या आरासीला जागा हवी म्हणून दिवाण ओढला, तर त्याचा एक पाय समूळ निघून हातात आला. घरात दुसरं कुणी नाही. हे ओझरला, विमानांच्या कारखान्यात ड्यूटीवर. वीट शोधली, मिळाली नाही. तेवढ्यात पल्लवीच्या टेबलावर ती पट्टी दिसली.

पल्लवी माझी लेक, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांमुळे डोक्यात सतत विमानं! वजनाला हलकी पण दाबाला टणक अशी पट्टी करायची, हा तिचा प्रोजेक्ट. मध्ये फोम आणि दोन्ही अंगांना काचेच्या धाग्यांचे, पापडासारखे पातळ थर. सँडविचच म्हणा ना! ती उभी ठेवून वरून दाबायची आणि किती किलोला वाकते ते बघायचं. साधी पट्टी कॉलेजच्या यंत्रात एकशे दहा किलोला वाकली होती. या दुसरीत मात्र फोममधून आरपार टाके होते. ते गोधडीच्या सुईनं मीच घातले होते. म्हणून तर माझा तिच्यावर एवढा विश्वास! उंची अगदी दिवाणाच्या पायाएवढी. कोपऱ्याखाली उभी केली, वरून चादर सोडली, झालं काम!

संध्याकाळी बायका जमल्या. उकाडा असा, की टेबलफॅनचा वारा जिथं लागेल तिथंच सगळ्यांना बसायचं होतं. आणि तो वारा नेमका त्याच कोपऱ्यावर! शेजारच्या कुसुमवहिनी बसल्या. समोरची नवी सून तृप्ती बसली. कळवणहून लेकाकडे राहायला आलेल्या ठमाबाई बसल्या.

"ठमाबाई, थोडं सरका ना!"

"आता कुठं सरकू? भिंतीत शिरू का?"

मीही पन्ह्याचा ट्रे घेऊन कोपऱ्यावर जराशी टेकले. खालून कुरकुर ऐकू आली. वाकून चादर उचलते, तर पट्टीनं पंगतीतून उठलेल्या माणसासारखं मधोमध पोट काढलेलं! पुढच्या क्षणी ती साफ वाकली आणि ट्रॉलीतून कांदे ओतावेत तशा आम्ही चौघी पन्ह्यासकट जमिनीवर!

नेमकी तेव्हाच पल्लवी दारात.

"आई! दिवाणाखाली काय लावलंस?"

मी पट्टी पुढे केली. ती मटकन खाली बसली. "उद्या सकाळी परीक्षकांसमोर ही यंत्रात दाबायची होती! नवी करायला चार दिवस लागतात गं! आकडा नसेल तर प्रोजेक्ट गेला, वर्ष गेलं!"

ती रडायला लागली. मग एकाएकी तिनं डोळे पुसले. "थांबा! कोण कोण बसलं होतं? वजनं सांगा. कोपऱ्यावर किती भार आला ते मी काढते."

सगळ्या एकदम साडीवरचं पन्हं पुसण्यात गुंतल्या.

"पंचावन्न," कुसुमवहिनी म्हणाल्या. हे त्यांचं लग्नातलं असावं.

"पन्नास," तृप्ती म्हणाली, "म्हणजे माहेरी असताना."

"मला काय ठावं? मी काय तागडीत बसले कधी?" ठमाबाई म्हणाल्या. पल्लवीनं त्यांचे साठ धरले.

"चोपन्न," मी ठणकावून सांगितलं.

पल्लवीनं हिशेब केला आणि तिचा चेहरा पडला. "अठ्ठ्याण्णव. म्हणजे साध्या पट्टीपेक्षाही कमी! टाके घालून ती कमजोरच झाली. वर्षभर मी चुकीचंच धरून बसले."

कुसुमवहिनींनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. "चला गं बायांनो, काट्यावर! पोरीचं वर्ष जातंय!"

गल्लीच्या तोंडाशी केरूचं कांद्याचं गोदाम. तिथं मोठा वजनकाटा. केरूचा आवाज मार्केट यार्डातला, वजन झालं की ललकारायची आणि पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करायची सवय.

"कुसुमवहिनी अडुसष्ट! बारदान एक किलो वजा!"

"मेल्या, ही पैठणी आहे!"

"काय बी असू द्या वहिनी, आम्ही बारदान धरतच नाय!"

"वजा नको, केरूकाका!" पल्लवी ओरडली. "दिवाणावर बसताना कुणी पैठणी काढून ठेवली नव्हती!"

तिघी झाल्या. नवा आकडा आला एकशे सात. अजून कमीच! सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मी खरंच चोपन्न..."

"आई!"

चढले बाई.

"काकू एकाहत्तर!" केरू असा गरजला, की पलीकडच्या गिरणीतून दोघं जण पिठासकट बाहेर आले.

मी अगदी कोपऱ्यावरच टेकले होते, त्यामुळे माझा बहुतेक सगळा भार त्या पट्टीवरच आला होता. "एकशे बावीस!" पल्लवीनं भर गल्लीत मला मिठी मारली. लपवलेल्या सतरा किलोंनी लेकीची लाज राखली!

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं खरंखरं सांगितलं. परीक्षक चष्मा काढून हसले म्हणे. मग त्यांनी तिला आठवड्याची मुदत दिली. नवी पट्टी यंत्रात दाबली, तर ती एकशे पंचवीसला वाकली. आम्ही चौघींनी यंत्राच्या जवळपास जाणारा आकडा काढला होता! पल्लवी पहिल्या वर्गात पास झाली.

कुसुमवहिनी आज नाहीत. ठमाबाईही गेल्या. अडीनडीला साखर, दूध, सिलिंडर कुणीही देतं. पण शेजारच्या पोरीसाठी आपलं खरं वजन गल्लीत ललकारू देणाऱ्या शेजारणी मला मिळाल्या. रोज गौरीला जोडतो तसे त्यांना हात जोडावेत असं वाटतं.

केरू मात्र अजून विचारतो, "या काकू, एकाहत्तर ना?"

मी ताठ मानेनं हो म्हणते. आता एकोणऐंशी भरतं, पण ते केरूला कशाला कळायला हवं!