सात दिवसांत परत करावे

मुलीच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नाही. पत्रात वाईट काहीच नव्हतं. राग माझा होता! विमान कंपनीवर, काउंटरवरच्या पोरीवर, विमानतळावरच्या डॉक्टरवर, आणि खरं सांगायचं तर... ते शेवटी सांगतो. धीर झाला तर.

मुलगी सातव्या महिन्यात आमच्याकडे राहायला आली होती. जावई दूरच्या शहरात, त्याला रजा मिळेना. बाळंतपण त्याच्याजवळच व्हावं, ही तिची इच्छा. आणि कंपनीचा नियम असा, की बत्तिसावा आठवडा लागला की गरोदर बाईला विमानात घ्यायचं नाही. बत्तिसावा लागत होता उद्या! आज गेली तर गेली, नाहीतर बाळ बापाला आधी फोटोतच भेटणार.

"मी सोबत येतो," मी म्हणालो. "आणि कागदांची काळजी सोड. चाळीस वर्षं वाचनालय सांभाळलंय. एक चिठ्ठी हरवली नाही माझ्या हातून!"

"डॉक्टरबाईंचा दाखला तेवढा नीट बघा, बाबा."

बघितला. निघायच्या ऐन वेळी, सकाळी सात वाजता. आठवडे बरोबर, सही बरोबर, आणि 'शिक्का' लिहिलेला चौकोन रिकामा! दवाखाना उघडणार दहाला, विमान उडणार दहाला. माझं डोकंच फिरलं. माणसं सही करतात आणि शिक्का विसरतात? बिनशिक्क्याचा कागद म्हणजे कवळी काढलेलं तोंड! मुलगी अंघोळीला गेली होती. मी कपाट उघडलं. निवृत्तीच्या दिवशी चुकून खिशातून घरी आलेला वाचनालयाचा गोल शिक्का काढला आणि ठाप! शिक्का आहे ना, एवढंच लोक बघतात. तो वाचणारा माणूस मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

काउंटरवरच्या पोरीने वाचला. मोठ्याने!

"'सार्वजनिक वाचनालय. सात दिवसांत परत करावे.'" तिने मुलीच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजोबा, काय परत करायचंय?"

मागची रांग खिदळली. जन्मात कोणावर आवाज न चढवलेला मी कुकरसारखा शिट्टी मारून उठलो.

"ती गरोदर आहे हे आंधळ्यालाही कळेल! शिक्का हवाय कशाला?"

"हा मारला कोणी?"

"डॉक्टरबाईंनी!" खोटं बोललो. तेही ओरडून.

"त्या वाचनालयात बसतात?"

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "तुमच्या अंगठ्याला जांभळी शाई लागलीय."

मग निघालो विमानतळाच्या डॉक्टरकडे. त्यांनी तपासून होकार दिला तरच विमान! वाटभर मी कंपनी, नियम आणि शाई तिघांचा उद्धार करत होतो. घड्याळ पुढे पळत होतं. डॉक्टरांनी मुलीला तपासलं, बाळाचे ठोके ऐकले.

"उत्तम! खुशाल जा." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "हे कोण?"

"बाबा. माझ्या सोबतीला येतायत."

"चेहरा टोमॅटोसारखा झालाय. बसा." दंडाला पट्टा गुंडाळला. "एकशे नव्वद! यांना आज विमानात सोडता येणार नाही."

"मला? अहो, दिवस तिचे भरत आलेत!"

"दोनशे," डॉक्टर म्हणाले.

मुलगी गेली. एकटी, वेळेवर, आणि हसू आवरेना म्हणून पोट धरून. मी पिशवी घेऊन बसने घरी आलो.

पुढे तिचं पत्र आलं. फोनवर मी 'हं'च्या पुढे जात नाही, म्हणून मला ती लिहिते. 'बाबा, नात झाली. तिचा बाप पहिल्या मिनिटापासून जवळ होता. रागावलात? कधी येताय?' खाली पेनाने गोल शिक्का काढलेला: 'सात दिवसांत उत्तर द्यावे.'

अकरा वेळा लिहायला बसलो. दर वेळी सगळी पानं विमान कंपनीच खाऊन टाकी, नातीला जागाच उरेना.

काल बायको म्हणाली, "नात पालथी पडायला लागली. तुमचा राग अजून उताणाच!"

आज लिहिलं: 'राग माझाच माझ्यावर होता. बुधवारी येतो. रक्तदाब एकशे तीस. माझ्या दाखल्याची प्रत जोडली आहे. शिक्का डॉक्टरांचाच आहे, वाचून खात्री केली.'

पाकीट चिकटवलं. कपाटाकडे पाहून हात शिवशिवला. पण तसंच नेऊन पेटीत टाकलं. त्याच्यावर शिक्का पोस्टाने मारायचा असतो.