हळूरॉनिक

आमच्या शेजारच्या दामूअण्णा साळव्यांना कुरकुर सहन होत नाही. माणसाची एक वेळ चालेल, बिजागरीची नाही. तुम्ही त्यांना चहाला बोलावलंत आणि तुमचं फाटक करकरलं, की अण्णा तिथंच थांबतात. खिशातून लांब चोचीची तेलाची कुपी काढून दोन थेंब सोडतात, फाटक चार वेळा हलवून बघतात आणि मग चहाला येतात. एकदा आळीतल्या सत्यनारायणाला, ऐन कथेत, त्यांनी पंखा बंद करून त्याला तेल घातलं होतं. पुढची कथा नीट ऐकू आली, हे भटजींनीही कबूल केलं.

अण्णा रत्नागिरीतच बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाले तरी जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचं निदान एकच असतं. "वंगण संपलं." शेजारच्या भावांचं भांडण असो, मंडळाची सभा असो, की माझा खोकला असो.

त्यामुळे सुमनकाकींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, गुडघ्यांचा एक्सरे बघून डॉक्टर "सांध्यातलं वंगण कमी झालंय" म्हणाले, तेव्हा अण्णा मुद्दाम मला सांगायला आले. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून त्यांचा मास्तर.

"बघा मास्तर. एवढा शिकलेला माणूस, शेवटी आपल्याच भाषेवर आला."

मुंबईच्या लेकीनं हायल्युरॉनिक ॲसिडच्या कॅप्सूल पाठवल्या. सांध्यांना आणि त्वचेला चांगल्या, असं डबीवर लिहिलेलं आणि वर तुकतुकीत गालांच्या एका बाईचा फोटो. डॉक्टर म्हणाले, "घ्यायच्या तर घ्या. कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही. व्यायाम मात्र सोडू नका."

घोडं अडलं ते ॲसिडवर. सुमनकाकींना ॲसिड ठाऊक ते बॅटरीतलं. अण्णांचे खाकी शर्ट त्या ॲसिडनं चाळणी होऊन घरी यायचे आणि काकी ते वर्षानुवर्षं रफू करत बसायच्या.

"जे शर्टाला ऱ्हाऊ देत नाय, ते मी पोटात घालू?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी ब्लेडनं डबीवरचा 'ॲसिड' शब्द खरवडून काढला. उरलेला शब्द काही केल्या जिभेवर बसेना, तेव्हा तो आपल्या मापाचा करून घेतला. हळूरॉनिक. "नावातच हाय मास्तर. हळूहळू गुण येतो." मी व्युत्पत्तीला हरकत घेणार होतो, पण मला बोलू कोण देतं. काकींचा विश्वास बसावा म्हणून अण्णा रोज सकाळी पेजेबरोबर त्यांच्यासमोर एक कॅप्सूल गिळत आणि चार उठाबशा काढून दाखवत. आठवड्यानं काकींनीही सुरू केल्या.

काकींना कधी बरं वाटे, कधी नाही. अण्णांचे गाल मात्र तुकतुकीत झाले, असं सगळ्या आळीचं मत पडलं. कुणीतरी त्यांना डबीवरच्या बाईचा थोरला भाऊ म्हटलं, तेव्हा अण्णांनी लाजून चार दिवस दाढी केली नाही.

आषाढात काकी मागल्या दारी पाय घसरून पडल्या. हाड वाचलं. पण अण्णा पुढे ओटीवर पेपर वाचत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. काकींनी हाक मारली नाही. स्वतःसाठी कुणाला उठवायचं, हे त्यांच्या स्वभावातच नाही. बऱ्याच वेळानं अण्णा पाणी प्यायला आत गेले, तेव्हा त्या तशाच चिखलात बसलेल्या दिसल्या.

गणपतीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे मोदक द्यायला गेलो. अण्णा मार्केटात गेले होते, काकी खोलीत आडव्या झाल्या होत्या. डबा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो, तर वाऱ्यानं मागलं दार केवढ्यानं तरी करकरलं. अण्णांच्या घरात! मला वाईट वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्याला आता वाकवत नसेल. फळीवरची कुपी घेतली, दोन थेंब सोडले, दार चार वेळा हलवून पाहिलं आणि खुशीत घरी आलो.

संध्याकाळी अण्णा दारात उभे.

"मागल्या दाराला तेल तुम्ही घातलंत?"

"हो. तुमचं राहून गेलं असेल म्हटलं."

ते पायरीवर बसले. चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता.

"राहिलं नव्हतं. ठेवलं होतं," ते म्हणाले. "ती हाक मारत नाय. दार वाजलं की मला कळतं, उठली. मग मी वायच मागनं जातो, काय तरी शोधतोय असं करून. आज विहिरीपर्यंत जाऊन आली, मला पत्ता नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आता?"

"साबणानं धुतली बिजागरी. राख चोळली. तरी वाजत नाय. तेल चांगलं हाय माझं." आपल्या तेलाची तक्रार करताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो. "गंज धरायला हवा. येईल आवाज, हळूहळू."

तोवर त्यांनी ओटीवरची खुर्ची मागल्या दारी नेऊन ठेवली. तिथं पेपर वाचायला उजेड बरा पडतो, असं काकींना सांगितलं.

कोकणची हवा कामाला आली. दसऱ्याच्या सुमारास मी परसात फुलं काढत होतो, तेव्हा पलीकडचं दार बारीकसं करकरलं. काकी भिंतीला धरून बाहेर आल्या. मागोमाग घाईघाईनं अण्णा.

"अगं, माझा चष्मा बघितलास काय?"

चष्मा त्यांच्या नाकावर होता. काकींनी वळून त्या चष्म्याकडे नीट पाहिलं.

"चला," त्या म्हणाल्या आणि त्यांचा हात धरला. "विहिरीकडं बघू."