सुकदेव बसत नाही

सुकदेव बसत नाही. त्याला काही दुखणं नाही, पण बसण्याची सवयच नाही. गेली वीस वर्षं तो आमच्याकडे येतोय आणि आमच्या सोफ्याला अजून त्याची ओळख नाही. बैठकीच्या दारात पाय फाकवून उभा राहतो, एका हाताने चौकट धरतो आणि दुसऱ्या हाताने चहा पितो. लग्नाच्या पंगतीत बळेच बसवला तर दोन घास खाऊन उठतो आणि वाढायला लागतो. एकदा दाढ काढायची होती, तेव्हा तो खुर्चीत बसेना म्हणून डॉक्टरच स्टुलावर चढले, असं तो अभिमानाने सांगतो.

तीस वर्षं तो एसटीत कंडक्टर होता, त्यातली बहुतेक नाशिक ते त्र्यंबक रस्त्यावर. बसायचं पॅसेंजरने, आपण उभं राहायचं, हे त्याचं तत्त्वज्ञान. रिटायर झाला तरी घरातून निघताना तो सगळ्यांची डोकी मोजतो आणि तोंडाने ‘टिंग टिंग’ अशी डबल बेल देतो. त्याशिवाय त्याची बायको, आमच्या हौसावहिनी, उंबरठा ओलांडत नाहीत. रिकामी गाडी धावताना दिसली की त्याचा दिवस खराब जातो. ‘लय वाईट दिसतं,’ एवढंच म्हणतो आणि मान फिरवतो.

आम्ही सातपूरला एकाच कॉलनीत राहतो. माझी साखर वाढली तेव्हापासून पहाटे आम्ही दोघं फिरायला जातो. एक दिवस पेपरात वाचलं की त्र्यंबक रस्त्यावर अर्धी मॅरेथॉन होणार आहे, एकवीस किलोमीटर, सातपूरच्या पुढून थेट त्र्यंबकपर्यंत. मी गंमत म्हणून ते सुकदेवला वाचून दाखवलं. तो चालता चालता थांबला.

"तीस वर्षं त्या रस्त्यानं गेलो, पण रस्ता नाय पाहिला," तो म्हणाला. "माझं तोंड कायम पॅसेंजरकडं. एकदा बघत बघत जायचंय."

मग चालत जाऊ, मी म्हटलं. चालत लय वेळ लागंल, असं त्याचं म्हणणं पडलं.

सहा महिने आम्ही सराव केला. मी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मेडल आणणार, त्यामुळे परतीचे दोर कापलेले होते. सुकदेव पळायचा तोही पाय फाकवून, उजवा हात अर्धवट वर, दांडी धरल्यासारखा. पळताना बोलू नये असं पुस्तकात लिहिलंय, पण सुकदेवने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. पळता पळता तो जुनं सांगायचा. तरुणपणी तो शहरात खोली घेऊन राहायचा आणि हौसावहिनी गावी, सासूसासऱ्यांपाशी. गाव महिरावणीच्या पुढे, फाट्यापासून आत. सकाळच्या फेरीला वहिनी डबा घेऊन फाट्यावर उभ्या असायच्या. गाडी अर्धा मिनिट थांबायची. खिडकीतून डबा आत आला की डबल बेल.

"हात दिसायचा आन् डबा," सुकदेव म्हणाला. "तोंड बघायला टाइम कुठं होता?"

कधी वहिनींना शहरात यायचं असलं, तरी त्या याच्या गाडीत चढायच्या नाहीत. बायकोचं तिकीट फाडायला याला लाज वाटायची, आणि न फाडावं तर चेकरची भीती. ‘पुढची गाडी येईल की,’ म्हणत वहिनी तिथेच थांबायच्या. ही गोष्ट त्याने सहा महिन्यांत मला चाळीसदा तरी सांगितली असेल.

शर्यतीचा दिवस थंडीतला. रस्त्यावर धुकं होतं, शेतात भाताची खोडं उरलेली होती आणि कुठे तरी शेकोटीचा धूर. बंदुकीचा बार झाला, सगळे पळाले, आम्ही उभेच. सगळे पॅसेंजर पुढे गेल्याशिवाय गाडी हलत नाही, असं सुकदेवचं म्हणणं. शेवटचा माणूस धुक्यात गेला, मग टिंग टिंग झालं आणि आम्ही निघालो. आमच्या मागे फक्त दमलेल्यांना उचलणारी मिनीबस होती. ती रिकामी होती, म्हणून सुकदेव एकदाही मागे वळून बघत नव्हता.

तो रस्ता बघत होता. धुक्यातून एकेक झाड बाहेर यायचं आणि तो त्याच्याकडे पाहुण्यासारखं बघायचा. डोंगर समोर आला तेव्हा हा इथे होता का, असं त्याने मला दोनदा विचारलं. महिरावणीला त्याने ‘उतरणारे पुढे या’ अशी आरोळी दिली, सवयीने पाय मंदावला आणि पुन्हा डबल बेल दिली. मी घड्याळ बघत होतो. वेळेत पोचलो नाही तर मेडल नाही. पण खरं सांगतो, त्या धुक्यात मलाही घड्याळाचा विसर पडायला लागला.

आणि फाट्यावर हौसावहिनी उभ्या होत्या. पहाटेच्या एसटीने आम्हा दोघांना न सांगता येऊन, डोक्यावर पदर, हातात तोच जुना पितळी डबा. त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. सुकदेवने डबा घेतला आणि पुढे पळाला नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"थंडी वाजत आसंल," एवढंच तो म्हणाला.

मिनीबस येऊन थांबली. आतला माणूस नम्रपणे म्हणाला, काका, रस्ता मोकळा करायचाय, आता पळा नाहीतर गाडीत या. मी सुकदेवचा दंड धरला. पळालो असतो तर अजून जमलं असतं.

"आन् तू कशी येशील?" त्याने वहिनींना विचारलं.

"पुढची गाडी येईल की," वहिनी म्हणाल्या.

सुकदेवने धुक्यात गेलेल्या रस्त्याकडे एकदा बघितलं. मग मिनीबसचं दार उघडलं आणि म्हणाला, "हीच पुढची गाडी हाय. चढ."

वहिनी चढल्या. मीही चढलो. मेडल गेलं, सोमवारी ऑफिसात काय सांगायचं हेही सुचेना, आणि तरी मला त्या दोघांचा हेवा वाटत होता. सुकदेवने पत्र्यावर दोनदा थाप मारली, गाडी हलली. त्याने वहिनींना खिडकीशी जागा दिली. आणि मग, देवाशपथ सांगतो, तो त्यांच्या शेजारी बसला. डबा मांडीवर घेऊन, अगदी टेकून.

माझ्यासाठी मागे दहा जागा रिकाम्या होत्या. पण कुणीतरी उभं राहायला हवं होतं, म्हणून मी दांडी धरून उभा राहिलो.

पुढे धुकं विरलं, उजव्या हाताला एक तळं दिसलं.

"हे तळं कधी झालं?" सुकदेवने विचारलं.

"ते पहिल्यापासून हाय," वहिनी म्हणाल्या.