न गेलेल्यांचा पुरावा

राज्य कितीही डळमळीत असो, त्याचे अहवाल पक्के बांधलेले असावे लागतात. चाड सरोवराकाठच्या आमच्या गार्नोवा गावात हिंसाप्रवृत्ती निवारण कक्षाने हे तत्त्व ज्या निष्ठेने पाळलं, तिला तोड नाही. (मी कक्षाचा दुभाषा. कौतुक करणं नेमणूकपत्रातच आहे.)

तेव्हा आसपासच्या गावांतली तरणी माणसं बंदूकवाल्यांना जाऊन मिळत होती. शेजारच्या कुलुरीतून चाळीस गेली. आमच्याकडून शून्य. कारण यागानाकाकू. गावाबाहेर पडायच्या वाटेच्या तोंडाशी तिची चवळीच्या वड्यांची कढई. कुणी गाठोडं घेऊन निघाला की झारा रोखून ती अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं विचारायची, "काय रे, लढायला निघालास? बकरी तरी धड बांधता येते का तुला?" चार बाया फिदीफिदी हसायच्या. हसं झालेल्या माणसाला बंड करणं जड जातं. सहा वर्षांत अकरा जण तिथूनच घरी वळले.

कक्षाचे प्रमुख तिजानीसाहेब राजधानीहून आले. काकूच्या कार्याची दखल घेण्यासाठी त्यांनी सतरा पानी अर्ज काढला.

"बाई, हे अकरा जण गेलेच असते, याला पुरावा?"

"गेले नाहीत, हाच की पुरावा!"

"न गेलेला तर मीही आहे," साहेब म्हणाले.

तर्क बिनतोड होता. त्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं.

कुलुरीचं काम मात्र चोख. तिथले नऊ जण शरण आले होते. प्रत्येकाला बारा आठवड्यांचं पश्चात्ताप प्रशिक्षण (प्रत्यक्ष पश्चात्ताप नवव्या आठवड्यात, तोवर पूर्वतयारी), प्रमाणपत्र आणि शिवणयंत्र मिळालं.

काकूने वळवलेल्यांतला शेवटचा बुकार. शिंपी. लग्न ठरलेलं, हातात नुसती सुई. तो कक्षात आला.

"साहेब, मलाही यंत्र हवंय."

"तू अतिरेकी होतास?"

"नाही."

"मग तुझ्यात आम्ही सुधारायचं काय?"

"मग मी करू तरी काय?"

साहेब सरळ माणूस. त्यांनी नियम वाचून दाखवला: लाभार्थी तिकडे जाऊन, राहून, परत आलेला असावा. भाषांतर मी केलं. अचूक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुकार निघाला. काकूने झारा रोखला.

"कुठे रे?"

"सरकारी योजनेला, काकू."

काकूने झारा खाली घेतला. तिने चार वडे कागदात बांधून दिले. "लवकर ये बाबा."

तिकडे जायला अर्ज लागत नाही. परत यायला अर्जच नसतो. पाच महिन्यांनी, एका शुक्रवारी भर दुपारी, बुकार आला. सोबत चौदा मोटारसायकली. तो सगळ्यांत पुढे, कारण गावाची वाट त्यालाच ठाऊक. बाजरीची कोठारं जळली. बाया दारं लावून बसल्या होत्या. काकू तेवढी जागची हलली नाही. तिने त्याला ओळखलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "काय रे, आलास?" हसायला त्या दिवशी कुणी नव्हतं. सात माणसं गेली, त्यांत पहिली ती. (मी कक्षातल्या टेबलाखाली होतो. तिथून सगळं ऐकू येतं.)

यानंतर कक्षाने जी तत्परता दाखवली, तिला खरंच तोड नाही. पंधरा दिवसांत गार्नोवा 'अग्रक्रम गाव' झालं. शाळा मंजूर, विंधणविहीर मंजूर. बुकार अजून तिकडेच आहे. शरण आला तर त्याची फाईल तयार आहे.

आता लांबलांबून लोक आमची चौकशी करतात. गावात काहीच घडत नव्हतं, त्या काळात मी यागानाकाकूची हकीकत लिहून तीन ठिकाणी पाठवली होती. 'यात वाचण्यासारखं काय आहे?' एवढंच विचारून तिन्ही ठिकाणांहून ती साभार परत आली. आज त्याच हकीकतीत सात मुडदे घातले, तर तुम्ही पार शेवटच्या ओळीपर्यंत आलात.