वज्रकेतूचे सहकुटुंब परीक्षण

वेदिका गलगली ज्या कंपनीत कामाला होती, ती कंपनी व्हिडिओ गेमचे निःपक्षपाती परीक्षण करत असे. ज्या कंपनीच्या गेमचे परीक्षण ती प्रामुख्याने करत असे, ती कंपनी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती आणि दोन्ही कंपन्यांचे प्रमुख अद्वैत सबनीस हे एकच गृहस्थ होते. तरीही निःपक्षपातीपणाला बाधा येऊ नये म्हणून पूर्ण दक्षता घेण्यात आली होती. वरच्या मजल्यावर जाताना अद्वैत गळ्यातले ओळखपत्र बदलत.

वरच्या मजल्याने या वर्षी 'वज्रकेतू' या चित्रपटावरून त्याच नावाचा गेम तयार केला होता. चित्रपटात वज्रकेतू नावाचा राजपुत्र तीन तास तलवार चालवतो आणि शेवटी अग्नी ओकणाऱ्या नागासुराला मारून बहिणीला सोडवतो. गेममध्ये हेच काम खेळणाऱ्याने करायचे होते, फक्त त्याला चाळीस तास लागणार होते. चित्रपट घरोघरच्या आजी-आजोबांनीही पाहिला होता. तेव्हा गेमच्या जाहिरातीत 'सहकुटुंब खेळण्यास योग्य' असे लिहावे, असे अद्वैत यांनी ठरवले. तसे फलक बेंगळुरूभर लागल्यावर कायदा विभागाने कळवले, की हा दावा करायचा तर साठ वर्षांवरील एका परीक्षकाची सही लागेल. कंपनीतला सर्वांत वयस्कर परीक्षक सव्वीस वर्षांचा होता आणि नव्या विचारांना वाट मोकळी व्हावी म्हणून त्यालाही गेल्याच महिन्यात निरोप देण्यात आला होता.

वेदिकाची नोकरी अजून पक्की व्हायची होती. त्यामुळे बैठकीत तिने हात वर केला आणि आपली आई सदुसष्ट वर्षांची असल्याचे सांगितले. नोकरीत लागल्यापासून तिच्या एखाद्या विधानाला टाळ्या मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

संध्याकाळी बनशंकरीच्या घरी तिने आईपुढे कागद ठेवला.

"आई, फक्त सही करायची आहे. परीक्षण आम्ही लिहिलंय. दहापैकी साडेनऊ."

"खेळून कोणी बघितलं?" प्रमोदिनीबाईंनी चष्मा लावत विचारले.

"गेम अजून पूर्ण व्हायचाय गं."

"मग साडेनऊ कशाला दिले?"

"पूर्ण झाल्यावर कमी होऊ नयेत म्हणून."

प्रमोदिनीबाईंनी कागद परत केला. त्या एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात चौतीस वर्षे होत्या. तिथे विमानाचे सुटे भाग बनत आणि केसाइतका फरक असलेला भागही त्यांच्या टेबलावरून पुढे जात नसे. निवृत्तीनंतरही हा लौकिक टिकून होता. जयनगरच्या बाजारात भाजीवाली त्यांना येताना पाहिले, की भेंडी स्वतःच मोडून दाखवत असे.

"यंत्र घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मी खेळते, मग सही करते."

यंत्र आले. वेदिकाने कोणते बटण दाबले की काय होते ते शिकवले, आणि वेदिकाचे वडील उपेंद्रराव नोंदी लिहायला वही घेऊन शेजारी बसले. पहिल्या पाच मिनिटांत वज्रकेतू राजवाड्यामागच्या विहिरीत पडला. विहिरीतून बाहेर येण्याची सोय गेममध्ये नव्हती, कारण आत पडण्याचीही नव्हती. वेदिका तोवर ऑफिसच्या कामासाठी चेन्नईला निघून गेली होती. ती परत येईपर्यंत प्रमोदिनीबाईंनी तीन दिवस विहिरीतूनच परीक्षण केले. दगडांचे सांधे, पाण्याची पातळी आणि वरून ऐकू येणारे युद्धगीत यांवर उपेंद्ररावांनी चार पाने भरली.

वेदिकाने परत येऊन गेम पहिल्यापासून सुरू करून दिला. विहीर टळल्यावर मात्र वज्रकेतूने वेग घेतला. त्याने दोन किल्ले जिंकले, एक राक्षस मारला आणि घोड्यासह एका कड्यावरून अशी झेप घेतली, की प्रमोदिनीबाई सोफ्यावरून किंचित उठल्या.

"हे मात्र छान केलंय," त्या म्हणाल्या.

"लिहू का?" उपेंद्ररावांनी विचारले.

"नको. तपासणीत छान असलेल्याची नोंद करत नाहीत."

दहाव्या दिवशी अहवाल तयार झाला. त्यात एकसष्ट आक्षेप होते. आक्षेप चौथा: विहिरीला कठडा नाही. आक्षेप अकरावा: नागासुर वस्तीशेजारी अग्नी ओकतो, परंतु रहिवाशांना पूर्वसूचना देत नाही. आक्षेप एकोणिसावा: राजपुत्र शस्त्रागारातून बासष्ट शस्त्रे नेतो, कोठेही नोंद नाही. आक्षेप तेविसावा: शंभर शत्रू राजपुत्राला घेरतात आणि तरी एकेक करून लढायला येतात. पुढचा कोण, हे कसे ठरते, याचा खुलासा व्हावा.

शेवटी त्यांनी गुण भरायला फॉर्म उघडला. त्यात आठच्या खालचे आकडेच नव्हते. त्यांनी फॉर्मवरच आक्षेप घेतला आणि अहवाल वेदिकाच्या हाती दिला.

वेदिकाने तो उभ्या उभ्या वाचला. "आई, हे मी कसं देऊ? तिथे लोक मला विचारतील, नागाने सूचना कुठे लावायची."

"वस्तीच्या दर्शनी भागात."

"माझी नोकरी आहे गं ही," वेदिका म्हणाली. "रोज दोन-दोन तास कॅबमध्ये बसून मी देवनहळ्ळीच्या वाटेवर जाते. पुढच्या आठवड्यात ते सांगणार आहेत, ठेवायचं की नाही. तू नुसती सही केलीस तर कोणाचं विमान पडणार आहे?"

मुलीसाठी आजवर प्रमोदिनीबाईंनी पुष्कळ काही केले होते, पण डोळे मिटून सही करणे त्यात बसत नव्हते. "तुझ्या साहेबांना घरी बोलाव," त्या म्हणाल्या. "मी बोलते."

अद्वैत सबनीस शनिवारी आले. रस्त्यात त्यांना अडीच तास लागले आणि तेवढ्यात त्यांनी गाडीतूनच तीन बैठका घेतल्या होत्या. प्रमोदिनीबाईंनी त्यांना उप्पीट दिले.

"काकू, तुमचा रिपोर्ट ऑसम आहे," ते म्हणाले. "पण ॲक्च्युअली रिव्ह्यू ही एक फॉरमॅलिटी असते. लोक फक्त आकडा बघतात."

"मग आकडा तरी खरा असावा."

"नऊ दिवसांत लाँच आहे, काकू. फलक लागलेत."

"फलकावर सही माझी नाही."

अद्वैत यांनी उपेंद्ररावांकडे पाहिले. उपेंद्रराव कारखान्यात प्रमोदिनीबाईंच्या हाताखाली सहा वर्षे होते, लग्न नंतर झाले. ते म्हणाले, "स्वल्प लोणचं घ्या."

अद्वैत यांनी लोणचे घेतले आणि थोडा विचार केला. "सरी, ठीक आहे. हे एकसष्ट पॉइंट फिक्स केले, तर तुम्ही सही कराल?"

"आक्षेप उरला नाही, तर सही अडवायचा मला अधिकार नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

अद्वैत यांनी त्याच गाडीतून अहवाल वरच्या मजल्यावर पाठवला. तिथली मंडळी दोन वर्षांच्या श्रमाने अशी थकली होती, की समोर येणाऱ्या ओळीचा अर्थ विचारण्याची त्यांची सवय सुटली होती. ओळ यायची, काम व्हायचे, ओळीपुढे हिरवी खूण पडायची. आठव्या दिवशी एकसष्ट हिरव्या खुणा झाल्या आणि नवा गेम बनशंकरीला आला.

प्रमोदिनीबाईंनी तो पहिल्यापासून तपासला. विहिरीला कठडा होता. शस्त्रागाराबाहेर खिडकी होती, आत कारकून होता आणि तलवारीसाठी अर्ज दोन प्रतींत भरायचा होता. नागासुर अग्नी ओकण्याआधी सात दिवस वस्तीत नोटीस लावत होता आणि हरकती मागवत होता. शंभर शत्रूंना टोकन दिली होती. ते शांतपणे बाकांवर बसत आणि फलकावर आपला क्रमांक लागला, की उठून मार खाऊन जात. खुद्द नागासुराला भेटण्यासाठीही गुहेबाहेर रांग होती. गुहा दहाला उघडे, दीडला जेवणासाठी बंद होई आणि दोनला पुन्हा उघडे.

कड्यावरची झेप गेली होती. घोड्यांना उंचीची मर्यादा घालून दिली असल्याचे तिथे पाटीवर लिहिले होते. प्रमोदिनीबाई त्या पाटीसमोर थोडा वेळ थांबल्या. तो आक्षेप त्यांचाच होता, अठ्ठेचाळिसावा.

"कसं वाटतंय?" उपेंद्ररावांनी विचारले.

"कंटाळवाणं."

"मग?"

"कंटाळा हा दोष तपासणीच्या यादीत नाही." त्यांनी हिशेब केला. एकसष्टपैकी एकसष्ट, म्हणजे दहापैकी दहा. त्यांनी दहा लिहिले आणि सही केली. वेदिकाने आईला मिठी मारली. प्रमोदिनीबाईंनी मारू दिली, पण त्यांचे लक्ष त्या दहाच्या आकड्यावर होते. एवढा बरोबर आकडा आयुष्यात प्रथमच चुकीचा वाटत होता.

गेम बाजारात आला. वरच्या मजल्यावरच्यांना सपशेल अपयशाची खात्री होती आणि निम्म्यांनी नवी नोकरी पाहून ठेवली होती. परंतु पहिल्याच आठवड्यात 'वज्रकेतू'वर लोकांच्या उड्या पडल्या. लोक इंटरनेटवरून एकत्र खेळत होते, म्हणजे एकाच रांगेत उभे राहत होते. जयनगरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिले, की खिडकी फलकावरच्या वेळेला खरोखर उघडते, हे पाहून त्यांना गहिवरून आले. पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअरने लिहिले, की जेवायला गेलेला कारकून दोन वाजता परत येतो, ही कल्पनाशक्तीची भरारी चित्रपटातही नव्हती. वेदिकाची नोकरी पक्की झाली. अद्वैत यांनी मुलाखतीत सांगितले, की रांगेची कल्पना सुरुवातीपासून त्यांच्या मनात होती.

अडचण चित्रपटातल्या नायकाच्या चाहत्यांनी आणली. त्यांच्या संघटनेचे शिष्टमंडळ हार घेऊन ऑफिसात आले. हार अद्वैत यांच्यासाठी नव्हता, तो सोबत आणलेल्या नायकाच्या फोटोला होता.

"आमचा अण्णा रांगेत उभा राहणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "आणि मागे कोणीतरी खोकतोय, ते तर अजिबात चालणार नाही."

अद्वैत यांनी त्याच दिवशी वेदिकाला बोलावले आणि तिच्यामार्फत वरच्या मजल्याकडून गुहेबाहेर दुसरी रांग करवून घेतली. या रांगेचे नाव मान्यवरांची रांग. तिथे वर मांडव होता, खाली लाल गालिचा होता आणि पाटीवर लिहिले होते, 'फक्त वज्रकेतू यांच्यासाठी'. शिष्टमंडळाचे समाधान झाले. त्यांनी हार फोटोसह परत नेला.

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. गेममध्ये प्रत्येक खेळणारा वज्रकेतूच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सगळे वज्रकेतू मान्यवरांच्या रांगेत गेले. दुपारपर्यंत ती रांग गुहेपासून राजवाड्यापर्यंत पोहोचली आणि संध्याकाळी विहिरीला वळसा घालून पुढे गेली. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात लागणारा नंबर आता बारा दिवसांनी लागू लागला. तरी कोणाची तक्रार नव्हती. उलट लोक मांडवाखाली उभ्या असलेल्या आपल्या वज्रकेतूचे फोटो नातेवाइकांना पाठवत होते. मग ज्या मान्यवरांना बारा दिवस फार वाटू लागले, त्यांच्यासाठी अतिमान्यवरांची रांग करण्यात आली आणि तीही दोन दिवसांत भरली.

प्रमोदिनीबाईंना हे वेदिकाकडून कळले. बदल झालेल्या वस्तूची फेरतपासणी करायची, हा नियम असल्याने त्यांनी रविवारी दुपारी यंत्र लावले. गुहेबाहेर दोन रांगांत मिळून चार लाख वज्रकेतू उभे होते. त्यांच्या शेजारी जुनी, साधी रांग होती. तिथे मांडव नव्हता, गालिचा नव्हता आणि माणूसही नव्हता. प्रमोदिनीबाई तिकडून गेल्या. कारकुनाने उठून नमस्कार केला. नागासुर तर कोणी आले म्हणून इतका हरखला, की पहिल्याच वाराला पडला. बहीण सुटली. सगळे मिळून अकरा मिनिटे लागली.

"झालं?" उपेंद्ररावांनी वही उघडण्याआधीच विचारले.

"झालं. ती मुलगी आत केव्हाची वाट बघत होती." प्रमोदिनीबाईंना मनापासून बरे वाटले होते. बाहेर ताटकळणाऱ्या चार लाख माणसांना हे आजच कळले पाहिजे, असे त्यांना वाटले. त्यांनी एका बैठकीत पुरवणी परीक्षण लिहिले. आयुष्यातले त्यांचे हे सर्वांत छोटे परीक्षण होते: 'साधी रांग रिकामी आहे. तिकडून जावे. अकरा मिनिटे लागतात.' वेदिकाने ते तसेच्या तसे छापले, एक शब्दही बदलला नाही.

परीक्षण पावणेतीन लाख लोकांनी वाचले. खाली अभिप्रायांचा पूर आला. प्रमोदिनीबाईंनी पहिले दोनशे अभिप्राय वाचले आणि चष्मा काढून ठेवला. वेदिकाने पुढचे वाचले. एकाने 'साध्या रांगेत आपल्याला कोणी पाहिले तर' अशी शंका काढली होती. बाकी सर्वांनी शब्द बदलून एकच विचारले होते: त्या रिकाम्या रांगेत शिरायचे तर कोणाला भेटावे लागेल?

या चौकशीचा ताण वाढल्यामुळे कंपनीने आता वेगळी खिडकी उघडली आहे. आपल्यालाही विचारायचे असल्यास तिथे विचारता येईल. तूर्त तिथली रांग बरीच लांब आहे, पण आत आपल्या ओळखीचे कोणीतरी असेलच.